संशयाचा फायदा सैनिकालाच हवा

युद्धात हात वा पाय गमावलेला सैनिक समोर आला की कोणत्याही देशाची मान आदराने लवते. त्याची जखम दिसते, तिचा दिवस सांगता येतो, ठिकाण सांगता येते. परंतु ज्याची जखम दिसत नाही, जी नेमकी कोणत्या रात्री सुरू झाली हे स्वतः त्या सैनिकालाही सांगता येत नाही, अशा व्याधीचे काय करायचे? अमेरिकेत गेली काही वर्षे हा प्रश्न एका विचित्र वाटणाऱ्या विकाराच्या निमित्ताने ऐरणीवर आला आहे. तो विकार म्हणजे झोपेत वारंवार श्वास अडकणे. वैद्यकीय भाषेत त्यास ‘स्लीप ॲप्निया’ म्हणतात. हजारो माजी सैनिक या विकारासाठी सरकारकडे भरपाईचा दावा करीत आहेत आणि त्यावरून तेथे दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, ‘घोरण्याला कसली भरपाई?’ दुसरा म्हणतो, ‘देशासाठी झिजलेल्या देहाचा हिशेब कारकुनाने का करावा?’

हा वाद अमेरिकेचा आहे, हे खरे. पण त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न प्रत्येक सैन्यबाळग्या राष्ट्राचा आहे. पुरावा अपुरा असेल, तेव्हा संशयाचा फायदा कोणाला मिळावा, राज्यसंस्थेला की सैनिकाला?

घोरणे नव्हे, श्वासाचा खंड

प्रथम हा विकार समजून घेतला पाहिजे. निद्रावस्थेत घशाचे स्नायू सैल पडतात. काहींच्या बाबतीत ते इतके सैल पडतात की श्वासमार्ग अरुंद होतो वा पूर्ण बंद होतो. छाती श्वास ओढण्याची धडपड करीत राहते, पण हवा आत जात नाही. रक्तातील प्राणवायू घटू लागतो, मेंदू धोक्याची सूचना देतो, माणूस दचकून अर्धवट जागा होतो, धाप टाकून श्वास घेतो आणि पुन्हा झोपतो. सकाळी त्याला यातले काहीही आठवत नाही. दहा सेकंद वा त्याहून अधिक काळ श्वास थांबला की तो एक खंड मानला जातो. श्वास थांबण्याचे वा उथळ होण्याचे असे प्रसंग तासाला पाचपर्यंत घडले तर वैद्य फारशी चिंता करीत नाहीत. पंधराच्या पुढे विकार मध्यम आणि तिसाच्या पुढे तीव्र समजतात. तासाला तीस याचा अर्थ दर दोन मिनिटांना एकदा गुदमरणे. उच्च रक्तदाब, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता, पक्षाघात यांच्याशी या विकाराचे नाते वैद्यकशास्त्राने नोंदविले आहे. दिवसा पेंग येणाऱ्या माणसाच्या हाती वाहनाचे चाक असेल तर काय होईल, ते सांगायला वैद्यही नको.

१९८१ मध्ये ऑस्ट्रेलियातील कॉलिन सुलिव्हन या वैद्यांनी यावर एक साधा पण परिणामकारक उपाय पुढे आणला. नाकावर मुखवटा बसवून, सतत दाबाखाली हवा सोडून श्वासमार्ग उघडा ठेवणारे हे यंत्र ‘सीपॅप’ या नावाने ओळखले जाते. ते विकार बरा करीत नाही. ज्या रात्री मुखवटा लावला त्या रात्रीपुरते श्वासाचे रक्षण करते. अनेकांना तो मुखवटा सोसत नाही, हेही तितकेच खरे.

पन्नास टक्क्यांची मेख

आता भरपाईचे गणित पाहू. अमेरिकेच्या माजी सैनिक व्यवहार खात्याकडे प्रत्येक व्याधीची टक्केवारी ठरविणारी एक सूची आहे. ज्या निकषांवरून वाद पेटला, त्यांत या विकारास चार पायऱ्या आहेत. चाचणीत विकार आढळला पण त्रास नाही, तर शून्य टक्के. दिवसा सतत झोप येत असेल, तर तीस टक्के. सीपॅपसारख्या यंत्राची गरज असेल, तर पन्नास टक्के. श्वसनसंस्थाच निकामी होऊ लागली वा गळ्याला छिद्र पाडावे लागले, तर शंभर टक्के. पन्नास टक्के म्हणजे एकट्या माजी सैनिकास महिन्याला अकराशे डॉलरहून अधिक रक्कम, तीही करमुक्त आणि बहुधा आयुष्यभर.

यातील मेख सुज्ञ वाचकांच्या ध्यानी आलीच असेल. वैद्याने यंत्र लिहून दिले की माणूस पन्नास टक्क्यांच्या पायरीवर चढतो. यंत्राने त्याचा त्रास पूर्ण आटोक्यात आला तरी पायरी तीच. साहजिकच टीकाकारांना येथे बोट ठेवायला जागा मिळाली. फेब्रुवारी २०२२ मध्ये खुद्द खात्यानेच हे निकष बदलण्याचा प्रस्ताव मांडला. उपचाराने लक्षणे नाहीशी झाली तर शून्य, अपुरा आराम पडला तर दहा टक्के, उपचार निष्फळ ठरले वा अन्य व्याधींमुळे घेताच आले नाहीत तर पन्नास टक्के आणि त्यातून हृदयासारख्या अवयवास इजा पोहोचली तर शंभर टक्के, असे त्या प्रस्तावाचे स्वरूप होते. निवृत्त सैनिकांच्या संघटनांनी त्यास कडाडून विरोध केला.

दावा मांडणे मात्र दिसते तितके सोपे नाही. तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. विकार आज आहे, सेवाकाळात त्याचे काही कारण वा लक्षण घडले होते आणि या दोहोंत कार्यकारणसंबंध आहे. पहिली गोष्ट निद्रा चाचणीने सिद्ध होते. घोडे अडते ते पुढच्या दोन गोष्टींवर. पंचवीस वर्षांचा धडधाकट जवान छावणीत घोरतो म्हणून सैन्यातील वैद्याकडे जात नाही. गेला तर सोबती हसतील आणि कदाचित पदोन्नती अडेल. विकाराचे निदान होते ते निवृत्तीनंतर दहा-पंधरा वर्षांनी. तोवर नोंदवहीची पाने कोरी असतात.

अशा वेळी अमेरिकी कायदा एक दार उघडे ठेवतो. सामान्य माणसाने जे स्वतः पाहिले वा ऐकले, त्याची साक्ष तो पुरावा म्हणून विचारात घेतो. शेजारच्या खाटेवर झोपणारा सोबती लिहून देऊ शकतो की हा रात्री गुदमरून उठत असे. पत्नी लिहून देऊ शकते की रजेवर आलेल्या नवऱ्याचा श्वास मध्येच थांबत असे आणि मी त्याला हलवून जागे करीत असे. निदान करणे वैद्याचे काम खरे. पण रात्रीच्या अंधारात थांबलेला श्वास मोजणारी पहिली व्यक्ती वैद्य नसते, ती घरातली असते. ज्या कायद्याला हे कळले, तो कायदा कोरडा म्हणता येणार नाही.

दुसरे दार आहे ते परंपरेने येणाऱ्या विकाराचे. सेवेत गुडघा वा पाठ दुखावली, हालचाल थांबली, वजन वाढले आणि त्यातून श्वासावरोध जडला, ही साखळी सप्रमाण जोडता आली तर दावा टिकू शकतो. युद्धाच्या मानसिक आघाताशी या विकाराचा संबंध जोडणारे दावेही होतात. ऑगस्ट २०२२ मध्ये संमत झालेल्या ‘पॅक्ट’ कायद्याने इराक व अफगाणिस्तानातील कचरा जाळण्याच्या खड्ड्यांच्या धुरात वावरलेल्या सैनिकांना अनेक श्वसनविकारांबाबत कारण सिद्ध करण्याच्या जबाबदारीतून मुक्त केले. निद्रेतील श्वासावरोध मात्र त्या यादीत आलेला नाही. त्यामुळे हा दावा ज्याचा त्याने स्वतंत्र पुराव्यानिशी लढवायचा असतो.

सहजासहजी काही मिळाले नाही

अमेरिकेने आपल्या सैनिकांना सारे उदार हस्ते दिले, असा एक गोड गैरसमज आपल्याकडे आहे. इतिहास वेगळे सांगतो. मार्च १८६५ मध्ये अध्यक्ष लिंकन यांनी आपल्या दुसऱ्या शपथविधीच्या भाषणात, युद्धाचा भार वाहिलेल्या सैनिकाची, त्याच्या विधवेची आणि अनाथ लेकराची काळजी घेण्याचे आवाहन राष्ट्राला केले होते. त्याच देशाच्या राजधानीत १९३२ च्या उन्हाळ्यात पहिल्या महायुद्धातील हजारो माजी सैनिक, कबूल केलेला बोनस आताच द्या, अशी मागणी घेऊन जमले, तेव्हा जनरल मॅकार्थर यांच्या नेतृत्वाखाली फौज पाठवून त्यांच्या झोपड्या उठविण्यात आल्या. व्हिएतनामच्या जंगलांवर १९६२ ते १९७१ या काळात फवारलेल्या विषारी तणनाशकाचे परिणाम सैनिक भोगत होते. पण कारण गृहीत धरणारा कायदा आला तो १९९१ मध्ये. खात्याचा निर्णय चुकला तर न्यायालयात दाद मागण्याची सोयसुद्धा १९८८ पर्यंत नव्हती.

म्हणजे आज जे आहे ते संघर्षातून आलेले आहे. आणि त्या संघर्षाचे सार एका तत्त्वात सामावले आहे. बाजूचा आणि विरुद्ध बाजूचा पुरावा जवळपास समतोल असेल, तर निर्णय दावेदार सैनिकाच्या बाजूने लागला पाहिजे. शिवाय दावा मांडण्यासाठी पुरावा गोळा करण्यात सैनिकाला साह्य करणे, हे खात्याचे कायदेशीर कर्तव्य आहे. दिवाणी दाव्यात वादीने आपले म्हणणे सिद्ध करायचे आणि प्रतिवादीने हात बांधून बसायचे, ही रीत येथे चालत नाही. कारण राष्ट्र आणि त्याचा सैनिक हे वादी-प्रतिवादी नव्हेतच.

गैरवापराचे काय?

येथे प्रामाणिकपणे दुसरी बाजू मांडली पाहिजे. जेथे पैसा आहे तेथे दलाल आहेत. अमेरिकेत सैनिकांचा दावा तयार करून देणाऱ्या, त्यासाठी वाढीव भरपाईतून घसघशीत वाटा उकळणाऱ्या खासगी कंपन्यांचे पेव फुटले आहे. सरकारमान्यता नसताना असा मोबदला घेणे तेथील कायद्याला मान्य नाही. परंतु त्यासाठीची फौजदारी शिक्षा २००६ मध्ये कायद्यातून गळाली आणि कायद्याचे दात पडले. दुसरीकडे ‘अमेरिकन लीजन’, ‘डिसेबल्ड अमेरिकन व्हेटरन्स’ यांसारख्या जुन्या संघटनांचे मान्यताप्राप्त प्रतिनिधी हेच काम विनामूल्य करतात. तरीही जाहिरातीच्या झगमगाटात अनेक सैनिक दलालाच्या दारी जातात. खोटे दावे होतात, हेही नाकारण्यात अर्थ नाही.

तेव्हा यावर उपाय काय? एक उपाय म्हणजे सर्वांचेच दार लोटून घेणे. दुसरा म्हणजे दोन प्रश्नांची गल्लत न करणे. व्याधी सेवेमुळे आली का, हा पहिला प्रश्न. तिने माणसाला किती अधू केले, हा दुसरा. पहिल्या प्रश्नात संशयाचा फायदा सैनिकाला मिळालाच पाहिजे, कारण पुरावा जपण्याची साधने सरकारच्या हाती होती, त्याच्या नव्हे. नोंदवही सरकारची, वैद्य सरकारचा, नेमणुकीचे ठिकाणही सरकारने ठरविलेले. दुसऱ्या प्रश्नात मात्र काटेकोर मोजमाप व्हायला हरकत नसावी. केवळ यंत्र मिळाले म्हणून पन्नास टक्के, हा निकष प्रस्तुत लेखकालाही तर्कदृष्ट्या लंगडा वाटतो. यंत्राने ज्याची झोप पूर्ववत झाली तो आणि मुखवटा न सोसल्याने रोज रात्री गुदमरणारा, या दोघांना एकाच मापाने मोजणे हा दुसऱ्यावरील अन्याय आहे. पण मापे बदलायची तर ती नव्या दाव्यांपासून बदलावीत. काल दिलेला शब्द आज मागे घेऊ नये. आणि चोराला पकडायचे म्हणून सावालाही रांगेत उभे करू नये.

आपल्या अंगणात

आता जरा आपल्याकडे वळू. भारतीय सैनिकाच्या विकलांगता निवृत्तिवेतनाचे तत्त्व अमेरिकेहून फार निराळे नाही. भरती होताना जवानाच्या प्रकृतीत दोषाची नोंद नसेल तर तो निरोगी होता असे मानायचे, ही धारणा दोन्ही देशांत आहे. सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २०१३ रोजी धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यात ती ठामपणे अधोरेखित केली. सिग्नल कोअरमध्ये १९८५ साली दाखल झालेल्या या जवानाला अपस्माराच्या विकारामुळे १९९४ मध्ये घरी पाठविण्यात आले आणि विकार सेवेमुळे नसल्याचे सांगून निवृत्तिवेतन नाकारण्यात आले. न्यायालयाने सांगितले की सिद्धतेचा भार सैनिकावर नाही, सरकारवर आहे आणि वाजवी संशयाचा फायदा सैनिकाला मिळाला पाहिजे. ज्याला न्याय मिळायला घरी परतल्यानंतर एकोणीस वर्षे लागली, त्याच्या खटल्याने पुढच्या असंख्य जवानांची वाट मोकळी केली.

पण वाट मोकळी होणे आणि वाटचाल सुकर होणे यांत अंतर असते. उच्च रक्तदाब, मधुमेह यांसारख्या विकारांवर ‘सेवेमुळे उद्भवलेला नाही, सेवेमुळे बळावलेलाही नाही’ असा ठरावीक शेरा मारायचा, जवानाने सशस्त्र सेना न्यायाधिकरणाकडे जायचे, तेथे जिंकायचे आणि मग सरकारने त्याविरुद्ध वर अपील करायचे, हा क्रम आपल्या परिचयाचा झाला आहे. २००७ च्या कायद्यान्वये स्थापन झालेले आणि २००९ पासून कार्यरत असलेले हे न्यायाधिकरण जवानाला जवळचे दार मिळावे म्हणून निर्माण झाले. मुंबईलाही त्याचे खंडपीठ आहे. डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने टक्केवारी पूर्णांकित करण्याचा लाभ नियत वयोमानाने निवृत्त झालेल्यांनाही दिला, तोही सरकारची अनेक अपिले फेटाळून. २०१५ मध्ये संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी तज्ज्ञांची समिती नेमली, ती सैनिकांशी चाललेली ही कोर्टबाजी कमी कशी करता येईल, हे पाहण्यासाठीच. गोव्याच्या या सुपुत्राला समस्या नेमकी दिसली होती. आपल्याच जखमी जवानाविरुद्ध सरकारने वकील उभा करावा, हे दृश्य शोभादायक नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये नवे पात्रता नियम लागू झाले. गैरफायद्याला आळा घालणे हा हेतू सांगण्यात आला. त्याच वर्षी महालेखापरीक्षकांनीही जीवनशैलीजन्य विकारांपोटी दिल्या जाणाऱ्या निवृत्तिवेतनाकडे लक्ष वेधले होते. सरकारी तिजोरीची चिंता रास्तच आहे. परंतु ‘जीवनशैली’ हा शब्द सैनिकाला लावताना दहादा विचार केला पाहिजे. आपली जीवनशैली सैनिक स्वतः निवडतो काय? रात्रीचा पहारा, अवेळी झोप, कुटुंबापासूनचा दुरावा, आज वाळवंट तर उद्या हिमशिखर, ही निवड त्याची नसते. अतिउंचीवर विरळ हवेत निरोगी माणसाचाही झोपेतील श्वास अडखळतो, हे विज्ञानाला ठाऊक आहे. तो प्रकार निराळा आणि खाली उतरल्यावर बहुधा ओसरणारा, हे मान्य. पण सियाचिनच्या चौकीवर श्वासासाठी धडपडलेल्या जवानाच्या बाबतीत पुढे श्वसनाचा विकार निघाला, तर वैद्यकीय मंडळाने एका ओळीत ‘संबंध नाही’ असे लिहून मोकळे व्हावे काय? मे २०२५ मध्ये राजुमोन टी. एम. खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नेमके हेच बजावले आहे. कारणमीमांसा न देता मंडळाने व्यक्त केलेले मत निवृत्तिवेतन नाकारण्याचा आधार होऊ शकत नाही.

साताऱ्याच्या अपशिंग्यासारखी गावे पिढ्यान्‌पिढ्या सैन्याला मुलगे देत आली. त्या घरांतील वडीलधाऱ्यांना इंग्रजीतले अर्ज, वैद्यकीय मंडळाची परिभाषा आणि अपिलाच्या मुदती यांचा उलगडा कोण करून देणार? जिल्हा पातळीवर सैनिक कल्याण कार्यालये आहेत. अमेरिकेतील संघटना जे काम विनामूल्य करतात, म्हणजे दाव्याची मांडणी, कागदपत्रांची जुळणी, साक्षींचे लेखन, ते येथे प्रशिक्षित माणसे नेमून करता येईल. समाजातील निवृत्त वैद्य व वकील यांनी महिन्यातला एक दिवस त्यासाठी द्यावा. दलालांना दूर ठेवण्याचा याहून चांगला मार्ग नाही. सैन्याच्या वार्षिक तपासणीत झोपेविषयी चार प्रश्न नित्यनेमाने विचारले आणि उत्तरे नोंदविली, तर वीस वर्षांनंतरचे निम्मे तंटे उद्भवणारच नाहीत; खऱ्या दाव्याला आधार मिळेल आणि खोटा दावा तेथेच उघडा पडेल. मंडळाने प्रत्येक नकाराची कारणे जवानाला समजेल अशा भाषेत द्यावीत. आणि जेथे कायदा सर्वोच्च न्यायालयाने निर्विवाद ठरविला आहे, तेथे सरकारने अपिलाची हौस आवरावी.

अमेरिकेचे सर्व काही अनुकरणीय नाही. यंत्रावर टक्केवारी ठरविण्याची चूक आपण करू नये. दलालांचा बाजार तर नकोच नको. पण एक गोष्ट घेण्याजोगी आहे. पारडी समसमान झाली तर काटा सैनिकाकडे झुकवायचा, हे तिथल्या कायद्याने लिहून ठेवले आहे आणि आपल्या न्यायालयांनीही पुनःपुन्हा सांगितले आहे. सैनिक सीमेवर उभा असतो, तेव्हा त्याच्याकडून कोणी पुरावा मागत नाही. हुकूम आला की तो निघतो. त्याच्या उतारवयात, रात्री श्वास अडकून तो दचकून उठतो तेव्हा, राष्ट्रानेही आधी त्याच्यावर विश्वास ठेवावा आणि मग कागद मागावा. हा दानधर्म नव्हे. ज्याने आपल्या तारुण्यातील रात्री जागून काढल्या म्हणून आपण निर्धास्त झोपलो, त्याच्या झोपेचे हे देणे आहे.